बौद्ध ध्वजबंदी, व्हिएटनाममधील

दक्षिण व्हिएटनामच्या शासनाने मे १९६३ मध्ये बुद्धजयंतीच्या ऐन मुहूर्तावर हुए शहरात पंचरंगी बौद्ध ध्वज सार्वजनिक ठिकाणी फडकविण्यास केलेली मनाई व तीतून उद्‌भवलेला संघर्ष. या मनाईचा निषेध करण्यासाठी जमलेल्या निःशस्त्र भाविकांवर ८ मे १९६३ रोजी झालेल्या बळाच्या वापरात मुलांसह अनेकजण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या सहा महिन्यांत उपोषणे, मोर्चे, आत्मदहने, विहारांवरील छापे व अखेरीस लष्करी उठाव अशा क्रमाने घटना घडत गेल्या आणि १ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांची राजवट कोसळली. धार्मिक प्रतीकाविषयीचा एक प्रशासकीय हुकूम शांतताप्रिय समाजावरील हिंसेचे निमित्त कसा ठरू शकतो, याचे आधुनिक आशियाच्या इतिहासातील हे एक महत्त्वाचे उदाहरण होय.

बौद्ध ध्वजाची उत्पत्ती : प्राचीन बौद्ध परंपरेत धर्मचक्र, बोधिवृक्ष, स्तूप, पदचिन्हे व त्रिरत्न ही प्रमुख प्रतीके होती. पंचरंगी ध्वज हे त्या मानाने अर्वाचीन चिन्ह असून त्याचा उगम श्रीलंकेत, वसाहतकालीन धार्मिक तणावात झाला. कोलंबोच्या कोटहेन या भागात मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर (१८२३–९०) यांच्या विहारातील समारंभासाठी निघालेल्या बौद्ध मिरवणुकीवर २५ मार्च १८८३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, हल्ला झाला. मिरवणुकीत ख्रिस्ती धर्माची विटंबना करणाऱ्या प्रतिमा नेल्या जात असल्याची अफवा हल्ल्यापूर्वी पसरली होती. या दंगलीत एक बौद्ध ठार व अनेक लोक जखमी झाले. परंतु कोणासही शिक्षा झाली नाही. तेव्हा जानेवारी १८८४ मध्ये बौद्धांनी संरक्षण समिती स्थापन केली आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे एक संस्थापक कर्नल हेन्री स्टील ऑल्कट (१८३२–१९०७) यांनी लंडनला जाऊन वसाहत कार्यालयापुढे बौद्धांची गाऱ्हाणी मांडली. वैशाख पौर्णिमेस सार्वजनिक सुटी मिळणे, हे या प्रयत्नांचे एक फलित होते.

या सुटीच्या निमित्ताने सर्व बौद्धांचे एक समान चिन्ह असावे, अशी कल्पना पुढे आली. हिक्कडुवे सुमंगल थेर (१८२७–१९११) यांच्या अध्यक्षतेखालील कोलंबो समितीने ध्वजाचा आराखडा तयार केला व तो २८ एप्रिल १८८५ रोजी, वैशाख पौर्णिमेस, प्रथम फडकविण्यात आला. मिरवणुकीत बाळगण्यास सोयीचा व्हावा म्हणून त्याचा आकार राष्ट्रध्वजांप्रमाणे ठेवावा, ही सूचना ऑल्कट यांची. नील, पीत, लोहित (तांबडा), अवदात (पांढरा) व मांजिष्ठ (नारिंगी) असे पाच उभे पट्टे आणि या पाचही रंगांच्या एकत्रित प्रभेचा सहावा पट्टा, अशी त्याची रचना आहे. बोधिप्राप्तीनंतर बुद्धाच्या देहातून याच रंगांचे किरण बाहेर पडले, अशी पारंपरिक श्रद्धा आहे.

श्रीलंकेत १९५० मध्ये जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची स्थापना झाली आणि त्याच्या प्रारंभीच्या अधिवेशनांत हा ध्वज सर्व बौद्धांचा आंतरराष्ट्रीय ध्वज म्हणून स्वीकारण्यात आला. १९५० च्या या मेळाव्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. व्हिएटनामचे प्रतिनिधी म्हणून भिक्षू थिक तो लिएन आले होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील विहारांवर व बुद्धजयंतीच्या मिरवणुकांत जो ध्वज परिचयाचा झाला, तोच व्हिएटनाममध्ये रूढ झाला. एका दंगलीनंतर, अन्यायाची दाद मागत असलेल्या समाजाने निर्माण केलेले हे चिन्ह आठ दशकांनी दुसऱ्या देशात पुन्हा हिंसेच्या केंद्रस्थानी यावे, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

पार्श्वभूमी : व्हिएटनाममध्ये बौद्ध धर्माचा प्रवेश इ. स. च्या आरंभीच्या शतकांत झाला. तेथील बौद्ध धर्म प्रामुख्याने महायान पंथाचा असून कन्फ्यूशस व ताओ मतांशी आणि पूर्वजपूजेशी त्याचा मेळ बसलेला आहे. फ्रेंच अमदानीत कॅथलिक मिशनांना विशेष संरक्षण मिळाले. बादशहा बाओ दाई याच्या कारकीर्दीत १९५० साली काढलेल्या दहाव्या क्रमांकाच्या अध्यादेशाने धार्मिक संघटनांना सामान्य मंडळांच्या पंक्तीस बसविले. मंडळांची नोंदणी, मालमत्ता व व्यवहार यांवर शासनाचे नियंत्रण आले. ख्रिस्ती मिशनांना मात्र त्यातून वगळण्यात आले. स्वतंत्र दक्षिण व्हिएटनाममध्येही हा अध्यादेश चालू राहिला. दुसरीकडे बौद्धांमध्ये १९२० नंतर पुनरुज्जीवनाची चळवळ वाढत होती. १९५१ मध्ये हुए येथील तू दाम विहारात भरलेल्या परिषदेत देशातील प्रमुख बौद्ध संस्थांची एक मध्यवर्ती संघटना स्थापन झाली.

१९५४ च्या जिनीव्हा करारानंतर देशाची तात्पुरती फाळणी झाली व उत्तरेकडून सु. आठ ते दहा लाख लोक दक्षिणेत आले. त्यांत कॅथलिकांचे प्रमाण फार मोठे होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले न्गो दिन्ह दिएम (१९०१–६३) हे निष्ठावान कॅथलिक होते. त्यांचे बंधू न्गो दिन्ह न्हू हे राष्ट्राध्यक्षांचे प्रमुख सल्लागार व गुप्त पोलीस यंत्रणेचे सूत्रधार, दुसरे बंधू न्गो दिन्ह कान हे मध्य व्हिएटनामचे अनभिषिक्त सत्ताधारी, तर थोरले बंधू न्गो दिन्ह थुक् (१८९७–१९८४) हे १९६० पासून हुएचे आर्चबिशप होते. शासन, पोलीस व चर्च यांची सूत्रे अशा रीतीने एकाच कुटुंबाच्या हाती एकवटली होती. लोकसंख्येत बौद्ध परंपरा मानणाऱ्यांचे बहुमत असूनही सैन्यातील व प्रशासनातील बढत्या, जमिनींचे वाटप व मदतीचे वितरण यांत कॅथलिकांना झुकते माप मिळते, ही तक्रार ग्रामीण भागात सर्वत्र होती. व्हिएटनामच्या न्ग्वेन राजवंशाची राजधानी राहिलेले व असंख्य विहारांनी गजबजलेले हुए हे शहर या असंतोषाचे स्वाभाविक केंद्र बनले.

हुए येथील घटना : मे १९६३ च्या आरंभी आर्चबिशपांच्या बिशपपदाचा रौप्यमहोत्सव हुए येथे साजरा झाला. त्या वेळी शहरात व्हॅटिकनचे पिवळे-पांढरे ध्वज जागोजाग लावण्यात आले होते. राष्ट्रध्वजाखेरीज अन्य ध्वज उघड्यावर लावू नयेत, असा नियम पूर्वीपासून होता. परंतु तो पाळला जात नसे व त्याबद्दल कोणासही जाब विचारला जात नसे. या समारंभानंतर थोड्याच दिवसांनी, ६ मे रोजी, या नियमाची कडक अंमलबजावणी करण्याचा तारेने पाठविलेला आदेश राजधानी सायगावहून (सध्याचे हो चि मिन्ह शहर) निघाला. तो हुएला पोहोचला, तेव्हा बुद्धजयंतीसाठी घराघरांवर पंचरंगी ध्वज लागलेले होते. पोलिसांनी काही ठिकाणी ते उतरविले. बौद्ध पुढाऱ्यांनी प्रांताधिकाऱ्यांकडे धाव घेतली, पण प्रश्न सुटला नाही.

८ मे रोजी सकाळी निघालेली मिरवणूक तू दाम विहारात पोहोचली. मिरवणुकीतील फलकांवर या वर्षी धार्मिक समतेच्या मागण्या लिहिलेल्या होत्या. भिक्षू थिक त्री क्वांग (मृत्यू २०१९) यांनी आपल्या भाषणात ध्वजबंदीवर टीका केली. (भिक्षूंच्या नावांमागील ‘थिक’ हे उपपद ‘शाक्य’ या शब्दाचे व्हिएटनामी रूप आहे.) दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे सायंकाळी उत्सवाचा कार्यक्रम नभोवाणीवरून प्रसारित व्हावयाचा होता. सकाळच्या भाषणाचे ध्वनिमुद्रण प्रसारित करण्यास केंद्राच्या व्यवस्थापकाने नकार दिला. तेव्हा सुगंध नदीच्या काठी असलेल्या नभोवाणी केंद्राबाहेर काही हजार लोक जमले. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. हाती शस्त्र कोणाच्याच नव्हते. प्रारंभी बंबांच्या पाण्याचा मारा करण्यात आला. नंतर प्रांताचे सुरक्षा-उपप्रमुख मेजर दांग सी यांच्या हुकमतीखालील सैनिक चिलखती गाड्यांसह आले. स्फोट झाले, गोळीबार झाला आणि जमाव पांगला, तेव्हा आठ जण (काही नोंदींनुसार नऊ) मरण पावल्याचे आढळले. मृतांत मुले व तरुण यांचाच भरणा होता.

हे स्फोट साम्यवादी बंडखोरांनी घडवून आणले, अशी अधिकृत भूमिका शासनाने घेतली व ती अखेरपर्यंत सोडली नाही. हुएच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे पश्चिम जर्मन डॉक्टर एरिख वुल्फ यांच्यासह अनेक प्रत्यक्षदर्शींनी ती नाकारली. राजवट बदलल्यानंतर १९६४ मध्ये दांग सी यांच्यावर खटला होऊन त्यांना जन्मठेपेची शिक्षा देण्यात आली.

बौद्धांच्या मागण्या व प्रतिकार : १० मे रोजी हुए येथील बौद्ध नेत्यांनी पाच मागण्यांचे निवेदन प्रसिद्ध केले : (१) बौद्ध ध्वजावरील बंदी उठवावी, (२) कायद्याच्या दृष्टीने बौद्धांना कॅथलिकांच्या बरोबरीचे स्थान द्यावे, (३) बौद्धांची धरपकड व छळ थांबवावा, (४) धर्माचरणाचे व धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य मान्य करावे, (५) मृतांच्या कुटुंबांस भरपाई द्यावी व दोषींना शासन करावे. शासन उलथून टाकण्याची भाषा या निवेदनात नव्हती. पाचही मागण्या राज्यघटनेच्या चौकटीत मान्य करता येण्याजोग्या होत्या, ही गोष्ट पुढील घटनांचे मूल्यमापन करताना लक्षात घ्यावी लागते.

बौद्धांच्या प्रतिनिधींनी १५ मे रोजी दिएम यांची भेट घेतली. ती निष्फळ ठरली. ३० मे रोजी सायगाव येथे सु. ५०० भिक्षू व भिक्षुणी राष्ट्रसभेसमोर बसले आणि त्यानंतर ४८ तासांचे उपोषण झाले. ३ जून रोजी हुए येथे प्रार्थना करीत बसलेल्या निदर्शकांवर सैनिकांनी रासायनिक द्रव ओतला. अंगावर फोड उठल्याने व श्वास कोंडल्याने ६७ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. हा द्रव जुन्या फ्रेंच साठ्यातील अश्रुधुराचा होता, असे नंतर सांगण्यात आले. निदर्शने, उपोषण, सामूहिक सूत्रपठण व मौन ही या टप्प्यातील प्रतिकाराची साधने होती.

थिक क्वांग दुक यांचे आत्मदहन : ११ जून १९६३ रोजी सकाळी सायगावमधील एका गजबजलेल्या चौकात सु. ३५० भिक्षू-भिक्षुणींची मिरवणूक आली. तिच्या अग्रभागी असलेल्या मोटारीतून थिक क्वांग दुक (१८९७–१९६३) हे वयोवृद्ध भिक्षू उतरले, रस्त्यावर ठेवलेल्या आसनावर पद्मासन घालून बसले व त्यांनी अंगावर इंधन ओतवून घेऊन स्वतः अग्नी लावून घेतला. शरीर कोसळेपर्यंत ते निश्चल होते, असे प्रत्यक्षदर्शी वार्ताहरांनी नमूद केले आहे. अमेरिकन छायाचित्रकार माल्कम ब्राउन (१९३१–२०१२) यांनी टिपलेले या प्रसंगाचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. क्वांग दुक यांनी मागे ठेवलेल्या पत्रात राष्ट्राध्यक्षांना प्रजेविषयी करुणा बाळगण्याची व सर्व धर्मांना समान वागणूक देण्याची विनंती केली होती. दहनानंतर अविकृत राहिलेले त्यांचे हृदय धातू (पवित्र अवशेष) म्हणून सा लोई विहारात ठेवण्यात आले. ‘सा लोई’ हे विहाराचे नावही ‘शरीर’ (बुद्धाचे शारीर अवशेष) या संस्कृत शब्दावरूनच आले आहे.

या कृतीविषयी बौद्ध जगतात एकमत नव्हते. जीवहिंसा वर्ज्य मानणाऱ्या धर्मात स्वतःचा देह नष्ट करणे कितपत संमत ठरते, हा प्रश्न स्थविरवादी परंपरेत विशेषत्वाने विचारला गेला. महायान परंपरेतील सद्धर्मपुंडरीक सूत्रात मात्र भैषज्यराज बोधिसत्त्वाने पूर्वजन्मी देहाची आहुती दिल्याची कथा असून चिनी व व्हिएटनामी भिक्षुसंघात तिचा आदर्श मानला जात असे. थिक न्हात हान्ह (१९२६–२०२२) यांनी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना लिहिलेल्या पत्रात, ही आत्महत्या नसून दुःखाची जाणीव इतरांपर्यंत पोहोचविण्यासाठी केलेला त्याग आहे, अशी भूमिका मांडली. ऑगस्टमध्ये आणखी काही तरुण भिक्षूंनी व एका भिक्षुणीने याच मार्गाचा अवलंब केला. न्हू यांच्या पत्नीने या आत्मदहनांची जाहीरपणे कुचेष्टा केली. त्यामुळे देशात व परदेशांत शासनाविषयीची चीड वाढली.

संयुक्त निवेदन : क्वांग दुक यांच्या मृत्यूनंतर वाटाघाटींना वेग आला आणि १६ जून रोजी शासनाची समिती व बौद्ध प्रतिनिधी यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्यातील पहिलेच कलम ध्वजाविषयीचे होते. धार्मिक सणांच्या दिवशी विहाराबाहेर राष्ट्रध्वजासोबत बौद्ध ध्वज लावता येईल, मात्र त्याचा आकार राष्ट्रध्वजाच्या दोन-तृतीयांश असावा. विहाराच्या आत केवळ बौद्ध ध्वज लावण्यास हरकत नाही, असे ठरले. दहाव्या अध्यादेशातून धार्मिक संस्थांना वगळणे, अटकेतील लोकांची मुक्तता व हुए येथील घटनेची चौकशी यांविषयीही आश्वासने देण्यात आली. ही आश्वासने प्रत्यक्षात उतरली असती, तर संघर्ष तेथेच संपुष्टात आला असता. परंतु शासनातील न्हू यांचा गट तडजोडीस अनुकूल नव्हता. धरपकड चालूच राहिली आणि बौद्धांचा विश्वास उडाला.

विहारांवरील छापे : २१ ऑगस्ट १९६३ रोजी मध्यरात्रीनंतर कर्नल ले क्वांग तुंग यांच्या विशेष दलांनी व पोलिसांनी सायगावमधील सा लोई, हुएमधील तू दाम व दिएउ दे आणि इतर शहरांतील विहारांवर एकाच वेळी छापे घातले. दरवाजे फोडण्यात आले, मूर्ती व पूजासाहित्य यांची मोडतोड झाली, भिक्षूंना मारहाण करण्यात आली व १,४०० हून अधिक लोकांना अटक झाली. बौद्ध संघटनेचे वृद्ध प्रमुख थिक तिन्ह खिएत यांनाही नेण्यात आले. हुएमध्ये नागरिकांनी विहारांच्या रक्षणासाठी काही तास प्रतिकार केला. देशभर लष्करी कायदा पुकारण्यात आला. छापे घालणाऱ्या विशेष दलातील काहींना नियमित सैन्याचा गणवेश देण्यात आला होता. त्यामुळे दोष प्रथम सैन्यावर आला व सेनाधिकाऱ्यांचा रोष वाढला.

छाप्यांचा निषेध म्हणून परराष्ट्रमंत्री वू व्हान माउ यांनी मुंडन केले, पदाचा राजीनामा दिला व भारतातील बौद्ध तीर्थांच्या यात्रेसाठी परवानगी मागितली. अमेरिकेतील राजदूत त्रान व्हान च्युआंग हे न्हू यांचे सासरे; त्यांनीही पदत्याग केला. विद्यापीठांतील व शाळांतील विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यांत कॅथलिक विद्यार्थीही होते. सायगावचे आर्चबिशप न्ग्वेन व्हान बिन्ह यांनी चर्च व शासन यांची गल्लत न करण्याचे आवाहन केले आणि पोप सहावे पॉल यांनी व्हिएटनामी जनतेच्या क्लेशांबद्दल दुःख व्यक्त केले. या संघर्षाला ‘कॅथलिक विरुद्ध बौद्ध’ असे सरसकट स्वरूप देणे चुकीचे ठरेल, हे यावरून स्पष्ट होते.

परिणाम : ऑक्टोबर १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सात सदस्यांचे सत्यशोधन मंडळ सायगावला आले. श्रीलंका व नेपाळ यांचे प्रतिनिधी त्यात होते. मंडळ साक्षी नोंदवीत असतानाच १ नोव्हेंबर रोजी सेनाधिकाऱ्यांनी उठाव केला आणि दुसऱ्या दिवशी दिएम व न्हू यांची हत्या झाली. दिएम यांना पाठीशी घालणाऱ्या अमेरिकेच्या शासनाने ऑगस्टनंतर आपले धोरण बदलले होते व उठावास विरोध न करण्याचे संकेत सेनाधिकाऱ्यांना दिले होते. मंडळाचा अहवाल डिसेंबरमध्ये सादर झाला. परंतु ज्या राजवटीविरुद्ध तक्रार होती, ती नष्ट झाल्यामुळे संयुक्त राष्ट्रांनी हा विषय पुढे चालविला नाही.

जानेवारी १९६४ मध्ये एकीकृत बौद्ध संघाची स्थापना झाली व त्याच वर्षी त्यास कायदेशीर मान्यता मिळाली. बौद्धांची परीक्षा मात्र संपली नव्हती. १९६६ मध्ये नागरी शासनाची व निवडणुकांची मागणी करणारी बौद्ध चळवळ दा नांग व हुए येथे लष्करी बळाने मोडून काढण्यात आली. १९७५ मध्ये सत्तेवर आलेल्या साम्यवादी शासनानेही एकीकृत संघाला मान्यता दिली नाही. १९८१ मध्ये शासनमान्य व्हिएटनाम बौद्ध संघ स्थापन करण्यात आला व एकीकृत संघाचे थिक ह्वेन क्वांग (मृत्यू २००८) आणि थिक क्वांग दो (मृत्यू २०२०) यांना दीर्घकाळ स्थानबद्धतेत काढावा लागला. दिएम यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या भिक्षूंचा गौरव करणाऱ्या शासनाला स्वतंत्र भिक्षुसंघ मात्र मानवला नाही.

आज हुए येथे जुन्या नभोवाणी केंद्राजवळ ८ मे च्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. सायगावमधील आत्मदहनाच्या चौकात क्वांग दुक यांचे स्मारक २०१० मध्ये उभारण्यात आले. संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये वैशाख पौर्णिमेस आंतरराष्ट्रीय मान्यता दिली आणि तिचा जागतिक सोहळा २००८, २०१४, २०१९ व २०२५ या वर्षी व्हिएटनाममध्येच झाला. ज्या ध्वजासाठी १९६३ मध्ये प्राण गेले, तो या सोहळ्यांत शासनाच्या सहभागाने फडकविण्यात आला.

मूल्यमापन : हुए येथील हुकूम शब्दशः पाहिला, तर तो कोणत्याही एका धर्माविरुद्ध नव्हता. राष्ट्रध्वजाचा मान राखावा, हे त्याचे घोषित प्रयोजन होते आणि नवस्वतंत्र देशात ते अस्वाभाविकही म्हणता येत नाही. अन्याय नियमाच्या मजकुरात नसून त्याच्या अंमलबजावणीच्या वेळेत होता. एका धर्माचा सोहळा आटोपेपर्यंत जो नियम निद्रिस्त होता, तो दुसऱ्या धर्माच्या सणाच्या आदल्या दिवशी जागा झाला. नागरिकांनी या दोन प्रसंगांची तुलना केली व त्यावरून शासनाच्या दृष्टीने आपले स्थान काय आहे, याचा निष्कर्ष काढला. वर्षानुवर्षे साचलेल्या, पण पुराव्याने सिद्ध करण्यास कठीण अशा पक्षपाताच्या तक्रारींना ध्वजबंदीमुळे प्रत्येकास दिसेल असे रूप मिळाले.

बंदीमुळे प्रतीकाचा अर्थही पालटला. मे १९६३ पूर्वी पंचरंगी ध्वज हे उत्सवाचे चिन्ह होते. मे नंतर तो नागरी समतेच्या मागणीचे चिन्ह बनला. बुद्धाच्या शिकवणीत ध्वजाला मोक्षदायी महत्त्व नाही, हे भिक्षूंना ठाऊक होतेच. त्यांचा आग्रह कापडासाठी नव्हता. इतरांना जे मोकळेपणाने करता येते, ते आपणास करता यावे, यासाठी होता. म्हणूनच संयुक्त निवेदनातील दोन-तृतीयांश आकाराची दुय्यम अट त्यांनी स्वीकारली, पण चौकशीचे व मुक्ततेचे आश्वासन मोडल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत.

निःशस्त्र प्रतिकाराचे सामर्थ्य या लढ्यात दिसले, तशा त्याच्या मर्यादाही दिसल्या. शासन बदलले ते अखेर सैन्याच्या शस्त्रांनी. उठावाने शांतता आली नाही, तर युद्ध वाढले. १९६३ च्या अखेरीस दक्षिण व्हिएटनाममध्ये असलेले सु. १६,००० अमेरिकन लष्करी कर्मचारी १९६८ पर्यंत पाच लाखांहून अधिक झाले. बौद्धांनी मागितलेली समता व त्यांना मिळालेले युद्ध यांतील अंतर हा या प्रकरणाचा सर्वांत शोकात्म भाग होय.

प्रतीकाचा वापर दुहेरी असतो, याचेही भान आवश्यक आहे. बौद्ध बहुसंख्येच्या नावाने अल्पसंख्याकांवर हिंसा झाल्याची उदाहरणे म्यानमारमधील राखाइन प्रांत (२०१२) व श्रीलंकेतील अलुथगामा (२०१४) येथे घडली आहेत. तेव्हा एखादे चिन्ह स्वभावतः शांततेचे वा हिंसेचे असते, असे म्हणता येत नाही. ते कोणाच्या हाती आहे, त्यामागे दंडशक्ती आहे की नाही आणि शेजाऱ्याच्या चिन्हाला तितकीच जागा दिली जाते की नाही, यांवर त्याचा अर्थ अवलंबून असतो. हुए येथील मुलांच्या हाती ध्वज होता व त्यामागे दंडशक्ती नव्हती. शासनाने एका आठवड्याच्या अंतराने लागलेल्या दोन ध्वजांना एकच न्याय लावला असता, तर त्या रात्रीचा रक्तपात टळू शकला असता.